बाटल्या कबूल, डोस्कं कबूल न्हाई

दोन हजार अकरा साल. माझं वय एकसष्ट. तुझं किती, ते तुझ्या आईलाच ठाऊक होतं आणि ती त्याआधीच गेलेली. ठाण्यात हवालदारानं अंदाजानं पंचावन्न लिहिलं, तर तू म्हणालीस, "ल्ह्या, ल्ह्या. दिसतीया तेवढीच."

तिथनंच सुरू करतो. तुझं माहेर, आपलं लग्न, पोरं, दुखणं हे सगळं आपल्या संपतनं छापून तुझ्या फोटोखाली लावलंय. त्यात एक गोष्ट नाही. सरकारच्या दप्तरात तू दोषी आहेस, तेवढीच राहिली. ती ओळ घालतोस का म्हणून विचारलं तर पोरगं माझ्याकडं नुसतं बघत राहिलं.

संक्रांत होती. आपल्या घरी हळदीकुंकू. उंबऱ्याबाहेर वरच्या आळीची शालन लेकराला घेऊन बसली होती, आत यायला तयार नव्हती. तिचा नवरा दिवाळीत गेला होता, बाबल्याच्या गुत्त्यावरची दारू पिऊन. तिला कोण कुंकू लावणार? तू ताट घेऊन बाहेर गेलीस आणि तिच्या कपाळावर बोट टेकवलंस. घरातल्या बायका उंबऱ्यापर्यंत आल्या. मग तू म्हणालीस, "हिचं कुंकू ज्यानं पुसलं त्येच्याकडं जाऊया आता. त्येलाबी तिळगूळ द्यायला पायजे."

मी गोठ्यात धार काढत होतो. तू मुसळ खांद्यावर घेऊन पुढं आणि मागं शालन धरून चौघी.

"कुठं निघालीस गं?"

"कांडायला."

एवढंच बोललीस. मला वाटलं, कुणाच्या तरी घरी काहीतरी कांडायचं असेल. म्हशीनं पाय झाडला म्हणून मी परत खाली बघितलं.

बाबल्याचा गुत्ता एसटीच्या थांब्यामागं. समोरनं थंड पेयांचं दुकान, मागं दारूचे कॅन. वर्षातनं दोन-तीनदा धाड पडायची, बाबल्या दंड भरायचा आणि दिवेलागणीला परत दार उघडायचा. सरकारमान्य दुकान असलं की बायका मतदान करून आडवी बाटली करतात, दुकान बंद होतं. तू म्हणायचीस, "गुत्त्याला मतदान कुठलं? तितं हातानंच आडवी कराय लागती."

तुम्ही सगळ्या आडव्या केल्यात. बाबल्या मुसळ धरायला धावला, स्वतःच्याच सांडलेल्या दारूवरनं घसरला आणि दगडी उंबऱ्यावर डोकं आपटून पडला. तू मुसळ टाकलंस, पदर फाडलास आणि त्याचं डोकं बांधलंस. हे चौघींनी बघितलं. हातभट्टीवाल्याचं डोकं बांधून तू घरी आलीस आणि मला म्हणालीस, "लुगडं गेलं बघा माझं."

दुसऱ्या दिवशी गाडी आली. बाबल्यानं लिहून दिलं होतं की तू त्याच्या डोक्यात मुसळ घातलंस. मागच्या चौघींचीही नावं त्यात घातली होती.

जामीन होईस्तोवर तू आत राहिलीस. परत आल्यावर मला वाटलं, रडशील. तू चुलीपुढं बसून म्हणालीस, "आमटीला फोडणीच न्हाई वं तिथं. कुणीतरी सांगाय पायजे त्यास्नी."

खटला उभा राहिला तेव्हा पहिल्या वकिलानं सांगितलं होतं, "मावशी, गुन्हा कबूल करा. वय बघून कोर्ट चांगल्या वागणुकीच्या बॉण्डवर सोडेल. जेल होणार नाही."

"म्हंजी मी त्येचं डोस्कं फोडलं आसं म्हणायचं?"

"तसं धरलं जाईल."

"बाटल्या कबूल. डोस्कं कबूल न्हाई."

वकील माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, माझ्याकडं काय बघताय, मलासुद्धा असंच बोलती ही.

तालुक्याच्या कोर्टात तू पहिल्यांदा पिंजऱ्यात उभी राहिलीस तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. साहेबांनी नाव विचारलं, तू सांगितलंस. नवऱ्याचं नाव विचारलं आणि तू मान खाली घातलीस. लग्नाला चाळीस वर्षं होत आलेली, माझं नाव तुझ्या तोंडून मी फक्त हळदीकुंकवात, दाराआडनं ऐकलेलं. पट्टेवाला म्हणाला, "सांगा की आजी, इथं लाजायचं नसतं." तू पदर सारखा केलास आणि सरळ साहेबांकडं बघून म्हणालीस,

"पिंजऱ्यात उभी केली, डोईवर पदर,
धोंडिरामाचं नाव घेते, साहेबांचा ठेवून आदर."

सगळं कोर्ट हसलं. साहेबांनी हसू दाबायला कागद तोंडापुढं धरला. मी मागच्या बाकावर होतो. मला भुईत जावं असं वाटलं आणि त्याच वेळी असंही वाटलं की उभं राहून सांगावं, धोंडिराम तो मीच. घरी येताना मी तुला म्हटलं, "कोर्टात उखाणा घेतात व्हय?" तू म्हणालीस, "मग काय तसंच नाव घिऊ? गुन्हेगार हाय का मी?"

निकाल बिघडला तो शेवटच्या दिवशी. साहेबांनी विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का. वकिलानं पढवून ठेवलं होतं, फक्त 'आरोप खोटा आहे' एवढंच म्हणायचं. तू मागं वळून त्या चौघींकडं बघितलंस. शालन लेकरू घरी ठेवून आली होती. आणि तू म्हणालीस, "साहेब, पुढं मी हुते. मागच्या पोरींकडं बघू नगा. जे झालं ते माझ्यावर."

आपल्याकडं ही रीतच आहे. यात्रेत मानाची काठी असो, नाहीतर भांडण असो, जो पुढं चालतो त्यानं मागच्यांचं अंगावर घ्यायचं. गावात असं बोललं की लोक मान देतात. कोर्टात ते लिहून घेतात. चौघी सुटल्या, आणि तुझ्या निकालात लिहिलं गेलं की आरोपीनं स्वतःच जबाबदारी घेतली आहे. एक वर्ष कैद. साताऱ्याच्या वरच्या कोर्टात अपील केलं म्हणून शिक्षा थांबली, तू घरी राहिलीस. ठपका मात्र थांबत नाही, तो तुझ्याबरोबर घरी आला.

या गोष्टीवर आपण कधीच एकमत झालो नाही. मी म्हणायचो, तू 'डोकं मी फोडलं नाही' एवढं चार शब्दांत सांगायला पाहिजे होतंस. तू म्हणायचीस, "ते समद्यास्नी ठावं हाय." कुणाला ठावं आहे? गावाला. आणि कागदाला कोण सांगणार?

अपिलाला कऱ्हाडची नवी वकीलबाई मिळाली, आपल्या नातीपेक्षा, स्वातीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल. त्या वकील पोरीनं तुला खुर्ची दिली आणि मला सगळं समजावून सांगितलं. शिक्षा भोगून माणूस बाहेर आला तरी आपल्याकडं नोंद आपोआप पुसली जात नाही. कुठं विचारलं की शिक्षा झाली होती का, तर हो म्हणावं लागतं. शिक्षेत सूट मिळणं वेगळं, राज्यपालांची माफी वेगळी आणि निर्दोष सुटणं आणखी वेगळं.

मी गुळव्या, गुऱ्हाळावर गूळ शिजवणारा. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं काहिलीपाशी शिकलो. म्हणून मी ते माझ्या रीतीनं लावून घेतलं. गूळ करपला असा शिक्का बसला, हा झाला निकाल. सूट म्हणजे काय, ढेपेचं थोडं कमी फेकू, पण करपला तो करपलाच. माफी म्हणजे राज्यपालांनी म्हणायचं, करपला होता खरा, आता त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. आणि निर्दोष म्हणजे गूळ करपलाच नव्हता, तुमचं नाक बिघडलं होतं.

वकीलबाई हसली आणि म्हणाली, "आजोबा, जवळपास असंच आहे." तू काय म्हणालीस? "यांचा गूळ एकदा करपला हुता, तवा समद्या गावाचं नाक बिघडलं हुतं."

मग स्वाती पोलीस भरतीला उतरली आणि घरात माफीचा विषय निघाला. कुणीतरी पारावर सांगितलं की आजीवर शिक्षेची नोंद असली की नात पडताळणीत अडकते. संपत घाबरला. तू तर त्याच दिवशी म्हणालीस, "आणा तो माफीचा अर्ज. करते सही." वकीलबाईनं सांगितलं होतं की माफी मागायची तर बहुतेक आधी अपील काढून घ्यावं लागेल, म्हणजे निकाल मान्य केल्यासारखंच. मी सांगितलं, तू सही केलीस तर या घरात मी जेवणार नाही. आणि जेवलो नाही. सांजच्याला तू ताट आणून पुढ्यात आपटलंस.

"खावा. केली न्हाई आजून."

"करणार हाईस का?"

"ते भाकरी खाल्ल्यावर सांगते."

खाल्ल्यावर म्हणालीस, "अर्ज माझ्या नावाचा, नोंद माझ्या नावाची, आन राग तुमचा. ह्यो कुठला न्याय?"

त्याचं उत्तर मला आज सुचतंय. तुझ्या नावाला माझं नाव जोडलेलं आहे म्हणून. पण हे उत्तरसुद्धा तुला पटलं नसतं. तू म्हणाली असतीस, मग ते नाव काढून टाका.

शेवटी वकीलबाईनंच फोनवर सांगितलं की पडताळणी मुलीची होते, तिच्यावर काही गुन्हा आहे का ते बघतात, आजीचं नाव तिच्या आड येत नाही. स्वाती भरती झाली. तुझं नाव कुणी विचारलंसुद्धा नाही. मी म्हटलं, झालं, आता माफीचं कारण संपलं.

"माझ्या गुडघ्याचं कारण हाय की," तू म्हणालीस. "किती वर्सं जायाचं त्या साताऱ्याला? माफी तर माफी. चिठ्ठी ईल, गपगुमान घरात बसीन."

"केलंच न्हाई त्येची माफी मागायची?"

"तुमी कधी केलं न्हाई त्येची माफी मागितली न्हाई व्हय? लग्नात माझ्या आत्याची मागितली हुतीसा, पाय लागला न्हवता तरी."

हे भांडण असं अर्ध्यावर राहिलं. तू सही केली नाहीस, आणि करणार नाही असंही कधी म्हणाली नाहीस.

एक मात्र कबूल करायला पाहिजे. आपण दोघं कुठं फिरायला गेलो नाही, कोर्टात गेलो. तारीख पडली की तू आदल्या दिवशी भाकरी बडवायचीस, ठेचा बांधायचीस, ते हिरवं लुगडं काढायचीस आणि कुंकू एवढं मोठं लावायचीस की एसटीत पोरं बघायची. तारीख पुढं ढकलली की आपण कोर्टाबाहेरच्या झाडाखाली जेवायचो. मग कंदी पेढे. तू म्हणायचीस, "निर्दोष सुटल्यावर वाटायचं त्ये आधीच खाऊन संपिवलं आपुन." इतर बायका साताऱ्याला दवाखान्याला जातात नाहीतर लग्नाचं कापड घ्यायला. तू न्याय मागायला जायचीस आणि येताना खिडकीशी बसायचीस. त्या खिडकीसाठी मी रांगेत भांडायचो. ते मी तुला कधी सांगितलं नाही. सांगून काय, तुला दिसत होतंच.

यंदा मिरजेला तुला ठेवलं तेव्हा डॉक्टर संपतशी बाहेर जाऊन बोलायचे. तुला सगळं कळत होतं. मी चहाला जायचो त्या वाटेवर सतारी करणाऱ्यांची दुकानं होती, दारात हे एवढे भोपळे वाळत टांगलेले. मी तुला येऊन सांगितलं, "असले भोपळे हाईत, पर खायाचे न्हाईत, वाजवायचे हाईत." तू डोळे मिटून हसलीस आणि म्हणालीस, "तुमच्यागत."

शेवटचं बोललीस ते तारखेबद्दल.

"तारीख कवा हाय?"

"फुडच्या महिन्यात."

"तुमी पुढं व्हा. मी येतेच."

नंतर झोप लागली ती लागलीच. तू ग्लानीत होतीस. कोर्टाचं म्हणत होतीस, घराचं म्हणत होतीस, का लुगडं बदलून येते म्हणत होतीस, मला माहीत नाही. मी ते माझ्या बाजूनं धरलंय. तू असतीस तर यावरून भांडली असतीस. भांडायला ये.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी वकीलबाईचा फोन आला. आधी रडली पोरगी. मग म्हणाली, "आजोबा, आजींबरोबर अपीलही संपतं. कोर्टात फक्त त्यांच्या मृत्यूचा दाखला द्यायचा, फाइल बंद होईल."

"आन निकाल?"

"आहे तसा राहतो."

"म्हंजी दोषी."

"हो. मात्र एक वाट आहे. कैदेची शिक्षा असेल तर जवळच्या नातेवाइकाला अपील पुढं चालवायची परवानगी मागता येते. नवरा, मुलं, भाऊ, बहीण, कुणीही. पण मृत्यूपासून महिन्याच्या आत. आणि परवानगी द्यायची की नाही ते कोर्टाच्या हातात."

मी बरं म्हणून फोन ठेवला. दिवस चालू होते.

तुझ्या बाराव्याला सगळं गाव जेवलं. पंगती उठल्यावर बाबल्या आला. तुला बघवलं नसतं त्याच्याकडं, इतका वाळलाय. साखरेनं पोखरलाय. गुत्ता कधीच गेला, तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. कपाळावरची ती खूण तेवढी राहिलीय. माझ्याजवळ बसला, इकडं तिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "तात्या, काकीनं त्या दिवशी माझं डोस्कं बांधलं हुतं. पदर फाडून."

"मला ठावं हाय."

"माफ करा मला."

"मोठ्यानं बोल. मांडवात माणसं हाईत."

तो पत्रावळीकडं बघत बसला. मी म्हटलं, "मांडवात नगं तर कोर्टात बोल. म्या अर्ज लावतो, वकीलबाई तुला उभं करायला साहेबांची परवानगी मागंल."

"तात्या, खोटी साक्ष दिली म्हणून मलाच आत घालतील की."

"मग राज्यपालांकडं माफी माग," मी म्हटलं. "अर्ज कसा करायचा, कुणाच्या हातात द्यायचा, समदं मला पाठ हाय. मागून बघ, तोंडात कशी लागती ती."

तो उठून गेला. माझ्याकडं माफी मागून काय होणार? माफी माझी द्यायची नव्हतीच. जिची होती तिनं, बाबल्या, तुझं डोकं बांधून त्याच दिवशी दिली होती, तेवढी तुझ्या ध्यानात आली नाही, असं मी त्याच्या पाठीला म्हणालो. त्याला ऐकू गेलं का नाही, ठाऊक नाही.

संपत जवळ येऊन बसला. तुझा पोरगा, तुझ्यासारखाच, आधी पाणी दिलं आणि मग विषय काढला.

"आबा, जाऊ द्या आता. आय गेली. शिक्षा कुणाला हाय?"

"शिक्षा कुणाला न्हाई. नाव कुणाचं हाय?"

"कोण वाचतंय ते दप्तर?"

"कोण वाचत न्हाई तर खोडायला काय हरकत हाय?"

"तुमचं वय बघा. पंच्याहत्तरी झाली. उद्या तुमास्नी काय झालं म्हंजी?"

"मग तू हाईस. तुला चालवता येतंय, वकीलबाईनं सांगितलंय. तुझ्या मागनं—" एवढं म्हणून मी थांबलो, कारण स्वाती दारात उभी होती. वर्दीत नव्हती, तरी सरळ उभी होती. म्हणाली, "आबा, मी चालवीन." संपत हसला आणि डोळे पुसून आत गेला. तिला चालवता येतं का, ते मी अजून विचारलेलं नाही. विचारीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एसटीला उभा राहिलो. तुझा मृत्यूचा दाखला पिशवीत, भाकरी नाही, कारण ठेचा मला जमत नाही. थांब्यावर शालन आधीच उभी. तिचं लेकरू आता मिशा फुटलेलं, तिला सोडायला आलं होतं. मी विचारलं, "कुठं गं?" ती म्हणाली, "कांडायला." मला तिकीट लागत नाही, तिला अर्धं. ती खिडकीपाशी बसणार होती, मग माझ्याकडं बघितलं आणि ती जागा मोकळी ठेवून पलीकडं बसली. साताऱ्यापर्यंत त्या जागेवर मी कुणाला बसू दिलं नाही. कंडक्टरशी थोडं वाजलं.

वकीलबाईनं अर्ज तयार ठेवला होता. खिडकीमागचा कारकून मान खाली घालून विचारत होता. अर्जदार कोण, वय काय, मयताशी नातं काय. मी सांगत गेलो. मग त्यानं विचारलं, "मयत अपीलदाराचं नाव?"

आणि माझी जीभ अडली. इतकी वर्षं मी तुला अगं म्हटलं, संपतची आई म्हटलं, ऐकलं का म्हटलं. माणसांपुढं तुझं नाव मी कधी घेतलंच नव्हतं, आपल्यात घेत नाहीत. मागं रांग उभी होती. शालन होती. वकीलबाई म्हणाली, "आजोबा, मी लिहून देऊ का?"

मी नको म्हटलं. टोपी सारखी केली. उखाणा मला येत नाही, तेवढी अक्कल तुझ्याकडं होती. मी नुसतं नाव घेतलं, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"अनुसया."

कारकुनानं मान वर केली. मी परत सांगितलं.